विनाकारण

एकनाथराव रविवारी सकाळी स्वतःहून अंबरपेठेला आले, तेव्हाच सुनीता मनात म्हणाली, काहीतरी आहे. सासूबाईंच्या शेवटच्या दुखण्यात त्यांनी कुणालाही न विचारता त्यांना दवाखान्यातून घरी आणलं होतं. तेव्हापासून या थोरल्या दिरांशी तिचं बोलणं कामापुरतं आणि त्यांचं येणं सणापुरतं. आज सण नव्हता. त्यांनी दाराशी चपला काढल्या, खुर्चीत बसले आणि तिनं पाणी पुढे केलं तर म्हणाले, "आधी प्रभाकरला बोलाव. वरुणलाही."

"हे अंघोळीला गेलेत. काय झालं अण्णा?"

"कैफियत द्यायचीय कोर्टात, दाव्याला लेखी उत्तर. अरविंद माझ्या मागे लागलाय. या आठवड्यात काय ते ठरवा म्हणतो."

अरविंद म्हणजे वकील. एकनाथरावांच्या हाताखाली शिकला, त्यांनी वकिली सोडल्यावर त्यांचं ऑफिसही त्यानंच सांभाळलं. प्रभाकरांवरचा दावा आता तोच पाहत होता.

दावा हा शब्द या घरात अजून नीट रुळला नव्हता. मार्चमधल्या त्या दुपारनंतरचे आठवडे तर कौतुकातच गेले होते. प्रभाकर चष्म्याची काडी बदलायला सुलतान बाजारला गेले होते. तिथं कापडाच्या दुकानांसमोर एक तरुण एका बाईला दंडाला धरून रिक्षाकडे ओढत होता. ती ओरडत होती, "छोडो मेरेकू, मैं नै जानती इसकू." लोक थांबून पाहत होते, दोघातिघांनी फोन वर धरले होते. प्रभाकरांनी आयुष्यभर पाणीपुरवठा खात्यात मान खाली घालून नोकरी केली. घरात भांडण झालं तरी ते गच्चीवर निघून जायचे. त्यांनी हातातली पिशवी खाली टाकली आणि त्या माणसाला दोन्ही हातांनी ढकललं. तो दुकानाच्या पायरीवर उलटा पडला, उजवं मनगट अंगाखाली सापडलं. बाई गर्दीत पळून गेली.

तो तिचा सख्खा भाऊ होता, हे संध्याकाळी पोलीस ठाण्यात कळलं. बहीण बालवाडीत शिकवायची, पण तेव्हा आजारी होती. रात्ररात्र झोपत नव्हती, घरातली माणसं ओळखत नव्हती, आणि तो तिला डॉक्टरकडे न्यायला निघाला होता. पोलिसांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या आणि प्रभाकरांना घरी पाठवलं. संपलं, असं सगळ्यांना वाटलं. दिवाळी झाली आणि दिवाणी कोर्टाचं समन्स आलं. वादी अविनाश, राहणार गौलीगुडा, धंदा दागिन्यांत खडे बसवण्याचा. त्या हाताची बोटं आता बारीक काम करत नाहीत, सबब नुकसानभरपाई मिळावी.

"पण पोलिसांनी सोडलं होतं ना," सुनीता म्हणाली. हे ती प्रत्येक वेळी म्हणायची.

"पोलिसांनी गुन्हा धरला नाही, एवढंच. त्या पोराचा हात मोडला तो मोडलाच. भरपाई मागायला त्याला पोलीस लागत नाहीत."

"म्हणजे समोर बाई ओरडत असली तरी उभं राहून बघायचं?"

"असं कायदा म्हणत नाही. दुसऱ्याला वाचवायला हात उचलता येतो. मग कोर्ट विचारतं, तुला काय दिसलं? ते बघून कुठल्याही शहाण्या माणसाला तसंच वाटलं असतं का? आणि गरजेपुरताच जोर लावलास का?"

"जोराचं मला विचारू नका," प्रभाकर पंच्यानं मान पुसत बाहेर आले. "किती जोरात ढकललं, ते आधी आठवायचं. सगळ्यांना सांगून सांगून गेलं."

वरुण आतल्या दारात उभा होता. वडिलांचं हे वाक्य त्याला लागलं. सांगणाऱ्यांत सगळ्यात पुढे तोच होता. घटनेच्या दुसऱ्या दिवशी त्यानं इंग्रजीत पोस्ट टाकली होती. माझ्या बाबांनी भर बाजारात एका गुंडाला तीन ठोसे लगावून लोळवलं, अशी. ठोसा एकही नव्हता. तीन कुठून आले हे त्याला आता आठवून आठवून सापडत नव्हतं. ऑफिसातल्या लोकांनी ती पोस्ट पुढे पाठवली, आत्यानं मराठी मंडळाच्या ग्रुपवर टाकली, आणि आता तिचीच प्रत दाव्याला जोडलेली होती. खाली वाक्य होतं, 'प्रतिवादीच्या मुलानेच मारहाण मान्य केली आहे.'  ते वाक्य त्यानं तीनचारदा वाचलं, चुकीचं वाचतोय की काय म्हणून.

"लढायचं," तो म्हणाला. "त्या मुलीला साक्षीला बोलवा. डॉक्टरांचे पेपर्स मागवा. ती त्या दिवशी ठीक नव्हती, तिच्याकडे बघून कुणालाही वाटलं असतं की किडनॅपिंग चाललंय. झालं की."

"अरविंदही साक्षीचंच म्हणतो," एकनाथराव म्हणाले. "पण त्याचं म्हणणं, एक काय ते धरा. ती भ्रमात होती म्हणून बघणाऱ्याचा गैरसमज झाला, हे एक. नाहीतर ती पूर्ण शुद्धीवर होती आणि भाऊ खरोखर जबरदस्ती करत होता, हे दुसरं. दोन्ही चालतील. दोन्ही एकदम चालणार नाहीत."

"खरं कुठलं?" प्रभाकरांनी विचारलं.

"ते अरविंदला माहीत नाही. मलाही नाही."

"ती बालवाडीत शिकवते," सुनीता म्हणाली. "भर कोर्टात तिला वेडी ठरवल्यावर लोक आपली पोरं तिच्याकडे ठेवतील?"

"आई, तू कुणाच्या बाजूनं आहेस?"

"तुझ्या बाबांच्या."

"मग?"

"मग काय, ते मला कळत नाही," सुनीता म्हणाली आणि खरंच तिला कळत नव्हतं. काल रात्रीपर्यंत ती वरुणसारखंच म्हणत होती.

एकनाथरावांनी आता पाणी घेतलं. "म्हणून मी तिसरा रस्ता काढलाय. भगवंतराव येतायत आत्ता."

"कोण भगवंतराव?"

"त्या अविनाशचे वडील. मराठी वाचनालयाच्या कमिटीत आम्ही बरोबर होतो, सज्जन माणूस आहे. बसून मिटवू. दावे वर्षानुवर्षं चालतात. प्रभाकरच्या प्रकृतीला ते झेपणार नाही."

"आमच्या घरी बोलावलंत," सुनीता म्हणाली, "तर आम्हाला विचारायचं तरी."

"विचारलं असतं तर वरुण नको म्हणाला असता."

"तेव्हाही असंच म्हणाला होतात. विचारलं असतं तर डॉक्टर नको म्हणाले असते."

एकनाथरावांनी पेला खाली ठेवला. सासूबाईंचं नाव कुणी घेतलं नाही. प्रभाकरांनी सवयीनं गच्चीच्या जिन्याकडे पाहिलं, पण तेवढ्यात बेल वाजली.

भगवंतराव एकटे आले नव्हते. त्यांच्या मागे तिशीतली एक सडपातळ बाई उभी होती, फिकट सुती पंजाबी ड्रेसमध्ये, ओढणी दोन्ही हातांत गुंडाळलेली. प्रभाकरांनी तिला ओळखलं नाही. सुनीतानं अंदाजानंच ओळखलं.

"ही मनीषा," भगवंतराव म्हणाले. "येऊ नको म्हटलं तरी आली. अविनाश खाली रिक्षात बसलाय. त्याला वर यायचं नाही."

बसा, या, असं होईतो सुनीतानं तिला स्वयंपाकघरात नेलं. चहा टाकता टाकता हिला साक्षीचं पटवायचं, असं तिनं चार पावलांत ठरवूनही टाकलं होतं.

"साखर चालते ना?"

"हौ काकू. कितीही." मनीषा ओट्याला टेकून उभी राहिली. "काकांनी मला ओळखलं नाही."

"त्यांनी तुला नीट पाहिलंय कुठं? तू तर पळालीस."

मनीषा थोडं हसली. सुनीतानं गॅस बारीक केला. "एक विचारू? रागावू नकोस. तो भाऊ आहे, हे तुला त्या दिवशी खरंच कळत नव्हतं?"

"मधेच कळायचं, मधेच नाही. तोंड दादाचं होतं, पण आत दुसरंच कुणी आहे असं वाटायचं. आता गोळ्या चालू आहेत. आता तसं होत नाही." तिनं दंडावर हात ठेवला. "पण त्यानं दंड पिरगाळला होता काकू. निळा पडला होता कितीतरी दिवस. तो फार घाबरला होता. मीपण. मला जी भीती वाटली ती दुखण्याची होती की दादाची, हे मी डॉक्टरांना विचारलं. त्यांनाही सांगता आलं नाही."

"मग यांनी केलं ते बरं झालं की वाईट?"

"त्यांच्यामुळे मी पळाले आणि संध्याकाळपर्यंत बसस्टँडवर बसून होते. कुणीही नेलं असतं मला. दादा मोडका हात घेऊन मला शोधत फिरत होता." चहा वर आला. सुनीतानं तो उतरवला. "आणि एवढ्या गर्दीत मी ओरडतेय म्हणून पुढे आले ते एकटे काकाच. दोन्ही खरं आहे. मी येईन कोर्टात, बोलावलं तर. पण तिथं कुठलं सांगू?"

सुनीतानं कप मांडले. एक जास्त मांडला गेला, तो तिनं परत ठेवला. पटवायचं काय होतं ते तिच्या डोक्यातून निघून गेलं.

बाहेर भगवंतरावांनी खिशातून घडी घातलेला कागद काढून एकनाथरावांच्या हातात दिला होता.

"पैशाचं मनात आणू नका," ते म्हणाले. "एवढ्यावर सही द्या. अविनाशला मी समजावलंय, तो दावा काढून घेईल."

एकनाथरावांनी कागद मोठ्यानं वाचला. वादी आपल्या बहिणीसोबत रस्त्याने शांतपणे जात असता मी विनाकारण त्यास ढकलून दिले, याबद्दल मी बिनशर्त माफी मागतो. एवढंच. त्यांना हायसं वाटलं. यापेक्षा कडक माफ्या त्यांनी पक्षकारांकडून लिहून घेतल्या होत्या.

"एवढ्यानं संपेल?" वरुणनं विचारलं. "पोस्टचं वगैरे काही राहणार नाही?"

"काही राहणार नाही."

वरुणनं वडिलांकडे पाहिलं. मघाचा लढायचा जोर त्याच्या आवाजातून गेला होता. "बाबा, करून टाका ना सही. एक तर ओळ आहे."

प्रभाकरांनी कागद घेतला आणि चष्मा कपाळावर सारून डोळ्यांजवळ धरला. "शांतपणे?"

"दाव्यातही तसंच आहे," भगवंतराव खाली बघत म्हणाले. "वकिलाला आम्हीच तसं सांगितलं. ती ओरडत होती म्हटलं की का ओरडत होती, हे आलंच. मग दुखणं आलं, डॉक्टर आला, शाळा आली. हात गेला अविनाशचा, तरी तो म्हणाला, बाबा, काय लिहायचं ते लिहा, पण मनूचं नाव यात नको."

एकनाथरावांना हे अनपेक्षित होतं. खोटं दाव्यात असायचंच, उभी हयात त्यांनी ते पाहिलं होतं. पण ते पैशासाठी असायचं. समोरचा माणूस लेकीसाठी खोटं बोलत होता आणि तिच्यासाठीच भर बाजारात घडलेलं लपवून मुलाचा दावा लंगडा करून बसला होता. मी तरी आईसाठीच आणलं होतं तिला घरी, असं त्यांच्या मनात आलं. आईला तेव्हा काय हवं होतं, हे मात्र त्यांना आजही सांगता आलं नसतं.

"मी ओरडले होते."

मनीषा चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती.

"मनू, तू आत थांब."

"बाबा, मी ओरडले होते. सगळ्या बाजारानं ऐकलं. दुखण्यानं ओरडले की दंड दुखला म्हणून, ते मला माहीत नाही. पण ओरडले. तुम्ही लिहिताय, मी शांतपणे चालले होते. मग त्या दिवशी तिथं होतं कोण?"

सुनीतानं मागून येऊन ट्रे तिच्या हातातून घेतला. कुणीच चहा उचलला नाही. प्रभाकरांनी कागदाची होती तशी घडी घातली आणि भगवंतरावांच्या गुडघ्याशी ठेवली.

"मग ही सही मला करता येत नाही."

"बाबा," वरुण म्हणाला.

"हात मी मोडला. ते लिहून देतो. माझं चुकलं असेल, तेही देतो. विनाकारण नाही देता येणार. आणि अण्णा, अरविंदला सांगा, हिला साक्षीला बोलवायचं नाही."

"मग तुझ्याकडे उरलं काय?" एकनाथरावांचा आवाज कोर्टातल्यासारखा झाला. "समझोता नको, साक्षीदार नको. नुसतं मला असं दिसलं म्हणून उभा राहणार? हरशील."

"हरेन कदाचित."

"सुनीता, तू तरी सांग याला."

सुनीता ट्रे धरून तशीच उभी होती. नवऱ्याचा तिला रागही आला होता आणि त्याच वेळी कितीतरी वर्षांनी तिला तो नीट दिसत होता. "मला काही कळत नाही अण्णा," ती म्हणाली. "पण ते म्हणतात तसं होऊ द्या."

प्रभाकर एव्हाना जिना उतरू लागले होते.

रिक्षा समोरच्या किराणा दुकानापाशी सावलीत उभी होती. ड्रायव्हर चहाला गेला होता. मागच्या सीटवर अविनाश बसला होता. पस्तिशीचा, दाढी वाढलेली, उजवा हात मांडीवर एखादी वस्तू ठेवावी तसा ठेवलेला.

"झाली सही?" त्यानं विचारलं.

"नाही."

अविनाशनं मान हलवली, जणू त्याला हेच अपेक्षित होतं. प्रभाकर रिक्षाच्या दांडीला धरून उभे राहिले. 

"मी तुम्हाला सांगत होतो," अविनाश म्हणाला. "बहन है मेरी, बहन है. तुम्ही माझ्याकडेच बघत होता. ऐकू आलं नाही?"

प्रभाकरांनी आठवायचा खूप प्रयत्न केला. ऊन आठवलं, त्याचा घामानं भिजलेला शर्ट आठवला. "आलं असेल," ते म्हणाले. "असं सगळेच म्हणतात, असंही वाटलं असेल. आता मला खरंच सांगता येत नाही."

"तिला तरी विचारायचं."

"ती म्हणत होती, ओळखत नाही."

"हौ," अविनाश म्हणाला. "ते पण आहेच." त्यानं डाव्या हातानं उजव्याची बोटं एकेक करून सरळ केली. तर्जनी पुन्हा वाकली. "दावा मी काढून घेणार नाही काका. या हातावर घर चालत होतं."

"नको काढूस."

अविनाशनं वर पाहिलं. चेष्टा करतायत का, ते त्याला कळेना.

"वर ती म्हणाली, ओरडले होते," प्रभाकर म्हणाले. "तुम्ही शांतपणे लिहिलंय ना, ते तिला नकोय."

"म्हणाली असं? सगळ्यांसमोर?"

"हो."

"शाळेत कळेल," अविनाश म्हणाला. त्यानं वाकलेली तर्जनी पुन्हा सरळ केली. प्रभाकर गेले नाहीत. वरून भगवंतराव आणि मनीषा उतरून येईपर्यंत दोघं तसेच होते, एक बसलेला, एक उभा.

गुरुवारी एकनाथराव पुन्हा आले. या वेळी त्यांनी आधी फोन करून, येऊ का, असं विचारलं होतं, आणि सुनीतानं त्यांच्यासाठी अंबाडीची भाजी केली होती. त्यांनी जेवता जेवता बातमी सांगितली. अविनाशच्या वकिलानं दाव्यात दुरुस्तीचा अर्ज दिला होता. शांतपणे हा शब्द गेला, त्या जागी आजारपणामुळे ओरडत असता, असं आलं. विनाकारण गेलं. त्या जागी आलं, कोणतीही चौकशी न करता.

"म्हणजे आपल्या फायद्याचं की तोट्याचं?" वरुणनं विचारलं. गुंड आणि तीन ठोसेवाली पोस्ट त्यानं सोमवारीच काढली होती आणि मग काढायला नको होती, पुरावा लपवल्यासारखं दिसतं, असं अरविंदनं त्याला सांगितलं होतं.

"अरविंद म्हणतो फायद्याचं. ती ओरडत होती, हे त्यांनीच मान्य केलं. मला वाटतं तोट्याचं. चौकशी केली नाही, हे तर खरंच आहे."

"म्हणजे नक्की काय?"

"नक्की काही नाही. दोन वकील आहेत, दोन मतं."

प्रभाकरांनी ताटातून हात काढला. "शाळेनं काय म्हटलं?"

"कुठली शाळा?"

"तिची. आता कळलं असेल ना तिथं."

"तिनं स्वतःच जाऊन सांगितलं म्हणे मुख्याध्यापिकेला. भगवंतराव सांगत होते. थोडे दिवस घरीच राहा म्हणाल्या त्या. किती दिवस, ते काही सांगितलं नाही."

प्रभाकर उठले, हात धुतले आणि खुंटीवरचा शर्ट घालू लागले.

"कुठं निघालात?" सुनीतानं विचारलं.

"शाळेत. भेटतो त्या बाईंना. सांगतो."

"काय सांगणार?"

त्यांना ते माहीत नव्हतं. मुलगी चांगली आहे, असं सांगणार होते बहुधा. पण चांगली आहे हे ते कुठल्या ओळखीवर सांगणार होते?

"तिनं बोलावलंय तुम्हाला?"

प्रभाकरांची बटणं अर्धी लागली होती. त्यांनी सुनीताकडे पाहिलं, मग एकनाथरावांकडे. एकनाथराव भाताकडे बघत होते. मनीषानं रविवारी जाताना सुनीताला आपला नंबर दिला होता. प्रभाकरांनी सुनीताचा फोन घेतला आणि खिडकीशी जाऊन लावला.

"मनीषा? मी प्रभाकर बोलतोय, अंबरपेठेहून. शाळेचं कळलं." ते थांबले. "तू परत जाशील तिथं, तेव्हा मी येऊ का बरोबर? मला काही बोलायचं नाही. नुसता येईन."



"दादाला विचारते," ती म्हणाली. "थांबा हं काका. ठेवू नका."

फोन कुठंतरी टेकवल्याचा आवाज आला. मग दुरून बहीणभावाचं बोलणं ऐकू येऊ लागलं. आवाज चढत होते, शब्द कळत नव्हते. प्रभाकर एक हात खिडकीच्या गजावर ठेवून ऐकत राहिले. त्यांनी फोन ठेवला नाही.